फळ्यावरचे काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर काकांची मालकी, खालच्या अर्ध्यावर सेक्रेटरींची. मध्ये खडूची सीमारेषा. काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. शाळेत 35 वर्षं ‘आजचा सुविचार’ त्यांच्याच अक्षरात झळकायचा. निरोपाला शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. रंगीत खडूंचा डबा काकांनी स्वतःहून आणला. त्यामुळे आमच्याकडे अक्षराला पिवळी सावली, कोपऱ्यात गुलाब आणि पाकळीवर दवबिंदू असा थाट असतो. दवबिंदूला वेळ लागतो. तेवढ्यात लोकल गाठायला निघालेले दहा-बारा जण पाठीमागून पळत जातात. काका मान न वळवता विचारतात, “वाचलंत का?” सगळे पळता पळता “वाचलं, वाचलं” म्हणतात. तोवर फळ्यावर फक्त ‘आयुष्य म्हणजे’ एवढंच उमटलेलं असतं.

फळ्याच्या दोन अर्ध्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं दोन्ही मालक शपथेवर सांगतात. वाचणाऱ्याचे डोळे मात्र सीमारेषा मानत नाहीत. वर ‘मन वाहत्या पाण्यासारखे निर्मळ ठेवा’, खाली ‘उद्या दिवसभर पाणी येणार नाही’. वर ‘देण्यातला आनंद घेण्यात नाही’, खाली मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी. लिफ्ट तीन आठवडे बंद होती तेव्हा काकांनी निरागसपणे लिहिलं, ‘पायऱ्या चढतो त्यालाच शिखर दिसते.’ सेक्रेटरींना तो टोमणा वाटला. मीटिंग झाली. मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “शिखर राहू दे मेल्या, मला माझं दार दिसलं तरी पुरे.” काकांनी तेही टिपून घेतलं.

टिपून घेण्यात काही गैर नाही. अडचण पुढे येते. काकांचं ठाम मत आहे की विचार कितीही चांगला असला तरी खाली नाव नसेल तर तो अनाथ दिसतो. मग ते त्याला बाप मिळवून देतात. इंग्रजी वळणाचं काही असलं तर विवेकानंद, विज्ञानाचा वास आला तर अब्दुल कलाम, आणि नवरा-बायको, मैत्री, पाऊस किंवा चहा यांपैकी काहीही असलं तर डोळे मिटून व. पु. काळे. हा एकट्या काकांचा गुन्हा नाही म्हणा. त्या बाबतीत उभा महाराष्ट्र त्यांचा साथीदार आहे. वपु मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते, 2001 मध्ये गेले. व्हॉट्सअ‍ॅप आलं 2009 मध्ये. पण वपुंचं खरं विपुल लेखन त्यानंतरचंच, असं फोन उघडल्यावर वाटतं. मी एकदा काकांना म्हटलं, “काका, यात ‘ब्लू टिक’ असा शब्द आहे. वपुंनी कसा लिहिला असेल?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “द्रष्टे होते.”

फोन हा काकांचा दुसरा फळा. पहाटे पाचला त्यांचं ‘शुभ सकाळ’ निघतं. भारतीयांचे फोन भरून का अडतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना असल्याच चित्रांचे ढीग सापडले, अशी बातमी 2018 च्या सुरुवातीला आली होती. काकांनी ते कात्रण अभिमानानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्याच वर्षी अफवांवरून माणसं मारली गेली, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. काकांनी ते स्वतःवर घेतलं. “गुंडांनी घोळ घातला आणि शिक्षा गुलाबाला,” असं म्हणत त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्ट शिकून घेतली. त्या लिस्टमधला निरोप फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, हे कळल्यावर ते घरोघर हिंडले आणि समोर उभं राहून नंबर सेव्ह करवून घेतला. पोलिओच्या डोससाठी येणाऱ्या बायकाही इतक्या नेटानं दार वाजवत नाहीत.

या सगळ्यातून कुणाचं भलं झालं का? पहिल्या मजल्यावरचा मुलगा सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा आपटला, तेव्हा त्याला दिवसाला चार-चार सुविचार जायचे. अपयश, पायरी, गरुड, पुन्हा अपयश. शेवटी तो जिन्यात हात जोडून म्हणाला, “काका, गरुड नको आता.” काका काही बोलले नाहीत. त्याचं नाव लिस्टमधून काढलं. नंतर सहा महिने पहाटे साडेपाचला, पाचचा गुलाब जगाला पाठवून झाला की, ते थर्मास घेऊन त्याच्या दारात उभे असायचे. चहा आणि दोन बिस्किटं, अक्षर नाही. मुलगा पास झाला. यश कशामुळे मिळालं असं काकांना विचाराल, तर ते नापास झाल्याच्या दिवशी पाठवलेला तिसरा गरुड दाखवतात. थर्मासचा उल्लेखही करत नाहीत. मला वाटतं, त्यांना तो खरंच आठवत नाही.

मागच्या पावसाळ्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांसाठी खडू माझ्या हातात आला, कारण माझं दार फळ्यासमोर. बाहेरून हसणं सोपं असतं. पहाटे रिकाम्या फळ्यासमोर उभं राहिलं की आयुष्याबद्दल आपल्याकडे काही म्हणणं नाही हे लख्ख कळतं. पहिले दोन दिवस मी जुन्या डायरीतलं काहीबाही खरडलं. तिसऱ्या दिवशी नळाला गढूळ पाणी आलं होतं. मी वरच्या अर्ध्यातच लिहून टाकलं, ‘पाणी उकळून प्यावे.’

दुपारी काका काळा चष्मा लावून, भिंतीला धरून खाली आले. एका डोळ्यानं बराच वेळ वाचलं. “साधं आहे, पण खोल आहे,” म्हणाले. मग खिशातून हिरवा खडू काढून खाली सही केली, ‘व. पु. काळे.’

रात्री सोलापूरच्या मावशीचा निरोप आला. मागे उगवता सूर्य, तळ्यात दोन हंस, आणि मधोमध माझं पाणी, वपुंच्या नावासकट. मी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेलं गॅसवर ठेवलं.