नशा कॅमेऱ्याला चढते

अमेरिकी मालिकांत सतरा वर्षांची पोरं चालत येत नाहीत, त्यांना मिरवत आणलं जातं. २०१९च्या ‘युफोरिया’त नशेतली नायिका रू पार्टीतल्या बोळातून जाते, तेव्हा अख्खा बोळच गरगर फिरतो, त्यासाठी फिरता सेटच बांधला होता. शिवाय जांभळा उजेड, चकाकी आणि तिचंच निवेदन. म्हणे, हे तिचं मन! असेलही, पण मन दाखवता दाखवता नशेची जाहिरात होते, त्याचं काय? उलट २०२५च्या ब्रिटिश ‘अ‍ॅडोलसन्स’मध्ये पोलीस दार फोडतात, कॅमेरा एकही कट न घेता जिना चढतो आणि १३ वर्षांच्या जेमीची भीतीनं पँट ओली होते. हीही कसरतच, मान्य. पण इथं घाम कॅमेरामनला फुटतो आणि दिसतो तो मुलगा. तिथं मात्र रूच्या आधी बोळच लक्षात राहतो.