औषध रस्त्यावर, अळ्या रांजणात

2020 च्या उन्हाळ्यात गावोगावी द्राक्ष-डाळिंबावर औषध मारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर सोडियम हायपोक्लोराइट भरून रस्त्यांवर फिरले. त्यानं कोरोना जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं मे महिन्यातच सांगितलं होतं. म्हणजे माणसं होती, डिझेल होतं, उत्साहही होता. ही सगळी मेहनत दारातल्या पाण्याच्या बॅरलपर्यंत जायला हवी होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत हा पाणी साठवून जगणारा तालुका. टँकर कधी येईल, कुकडी कालव्याचं आवर्तन कधी सुटेल याचा भरवसा नाही, म्हणून राशीन काय नि मिरजगाव काय, दारात रांजण, हौद, बॅरल असतातच. डेंगीचा एडिस डास वाढतो तो याच स्वच्छ पाण्यात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासायचं. हौद उपसता येत नसेल तर त्यात अबेट हे अळीनाशक टाकायचं किंवा गप्पी मासे सोडायचे. धुराच्या मशीननं यातलं काहीच होत नाही, धुरानं फक्त उडते डास मरतात.

दारोदार जाऊन हे बघतात ते आरोग्य सेवक आणि आशाताई. महामारीत सर्वेक्षणाला, विलगीकरणाला, पुढं लसीकरणाला जुंपलं ते यांनाच. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची पथकं ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेली, तेही ऐन डेंगीच्या हंगामात. त्याच फेरीत बॅरलमध्ये टॉर्च मारून बघायला दोन मिनिटं लागली असती.

देशात 2020 मध्ये डेंगीचे सुमारे 44 हजार रुग्ण नोंदले गेले, 2021 मध्ये 1 लाख 93 हजार. पहिल्या आकड्यावर समाधान मानणं चूक होतं. स्वॅबच्या आणि विलगीकरणाच्या धास्तीनं ताप अंगावर काढणारी माणसं 2020 मध्ये घरोघरी होती. जुलै 2021 च्या अखेरीस तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या बेलसरमध्ये, राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. गावात चिकनगुनिया आधीच पसरला होता. दोन्ही आजार पसरवणारा डास एकच, एडिस.

हे जमण्यासारखं नव्हतं, असं कोणी म्हणू नये. आफ्रिकेतल्या छोट्या बेनिननं एप्रिल 2020 मध्ये गर्दी टाळून मलेरियाविरुद्धच्या मच्छरदाण्या घरोघरी पोचवल्या. त्या वर्षी जगात मलेरियानं आदल्या वर्षीपेक्षा 69 हजार माणसं जास्त मेली. त्यातले 47 हजार मृत्यू मलेरियाच्या सेवा विस्कळीत झाल्यामुळं झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 मधला अंदाज होता.

पुढच्या साथीचा आराखडा तालुक्यात लिहाल तेव्हा आरोग्य सेवक दुसरीकडं नेला तर बॅरल कोण तपासणार, ते नावानिशी लिहा. तापाच्या रुग्णाचा स्वॅब घ्याल तेव्हा डेंगीसाठी रक्तही घ्या. अबेट पावसाळ्याआधी उपकेंद्रात पोचवा. आणि कर्जतच्या नळांना रोज पाणी द्या, म्हणजे आठ-आठ दिवसांचं पाणी दारात भरून ठेवायची वेळच येणार नाही.