ऐरोलीला जाऊन घेऊन ये

डोंबिवलीच्या माझ्या मावशीला सोसायटीच्या वॉचमनने "कुठे निघालात?" असं विचारलेलं अजिबात खपत नाही. "तुला काय करायचंय?" असं ठणकावून ती रिक्षात बसते, आणि तिच्या पर्समधला फोन वाटेतलं एकेक वळण कुठकुठल्या कंपन्यांना इमानेइतबारे कळवत जातो.

त्या फोनवर पंचांगाचं एक ॲप आहे. त्याला तिचं लोकेशन हवं, मायक्रोफोन हवा आणि कॉन्टॅक्ट्सही हवेत. लोकेशनचं मी समजू शकतो, डोंबिवलीचा चंद्र आणि नागपूरचा चंद्र एकाच मिनिटाला उगवत नाही. पण संकष्टीची वेळ सांगायला आमच्या प्लंबरचा नंबर कशाला?

"मावशी, याला सगळ्या परवानग्या कोणी दिल्या?"

"सारखं विचारत होतं रे. म्हटलं, एकदाचं हो म्हणावं, म्हणजे गप्प बसेल."

आमच्या घराण्यातली दोन-तीन लग्नं याच तत्त्वावर ठरलेली असल्यामुळे मी पुढे बोललो नाही.

बरं, नाही म्हणून तरी सुटका होते का? अमेरिकेत 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं टॉर्चचं ॲप होतं. काम एकच, उजेड पाडणं. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्यावरच उजेड पाडला, तेव्हा कळलं की ते वापरणाऱ्याचं लोकेशन जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अटी मान्य की अमान्य, हे माणूस ठरवेपर्यंत माहिती रवानासुद्धा झालेली असे.

वास्तविक वस्तूंच्या बाबतीत आपल्याइतका सावध समाज नाही. मावशीच्या घरातल्या प्रत्येक स्टीलच्या वाटीवर नाव आणि तारीख घातलेली आहे. शेजारी खिरीची वाटी गेली, की ती आठवड्याभरात परत यावी लागते, आणि तीही रिकामी नाही. माहितीची वाटी मात्र गेली ती गेली. परत येते ती गुडघेदुखीच्या जाहिराती भरून, आणि तीही भलत्याच घरून.

"पण ठेवतात कुठे हे सगळं?" मावशीने विचारलं.

मी सांगितलं, सर्व्हरवर. कदाचित अमेरिकेत, कदाचित ऐरोलीत. ठाणे-वाशी लोकलच्या त्या पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे भागात, डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती आहेत. खिडक्या नावाला, जनरेटर मात्र पुष्कळ.

"ऐरोलीला?" मावशी उठलीच. "मग जाऊन घेऊन ये की! ठाण्याला गाडी बदलायची, झालं."

खरी मेख इथेच आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढलं की डिजिटल पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा. आपल्याला केवढा आनंद झाला! त्यामुळे रिझर्व्ह बँकेला तपासणी करता येते, हे खरं. पण पत्ता जवळचा झाला म्हणून किल्ली आपल्या हातात येत नाही.

किल्लीचं भांडण कोर्टात नेलं ते के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा पुट्टस्वामी ९१ वर्षांचे होते. मावशी अजून सत्तरीतच आहे, तेव्हा वयाची सबब तिला चालणार नाही.

पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं कायदा म्हणतो. शिवाय संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे न वाचता 'मान्य' म्हणण्याचं सुख यापुढे मराठीतही मिळणार. मात्र बहुतेक तरतुदी लागू व्हायला कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर आपलं आपण बघायचं. आम्ही मावशीच्या फोनच्या सेटिंग्ज उघडल्या. पंचांगाचे कॉन्टॅक्ट्स काढले, मायक्रोफोन काढला, आणि लोकेशन ठेवलं ते फक्त ॲप उघडं असताना, तेही अंदाजे. चंद्र वेळेवर उगवला. मग व्हॉट्सॲप. तिथले मेसेज वाटेत कुलूपबंद असतात, पण त्यांचा क्लाउडवर जाणारा बॅकअप तसा कुलूपबंद हवा असेल, तर ते सेटिंग आपणच शोधून सुरू करावं लागतं. तेही केलं. त्याचा पासवर्ड मावशीने कुठे लिहून ठेवला ते मला सांगितलेलं नाही, आणि हे उत्तम लक्षण आहे.

तुम्हीही एकदा परवानग्यांची ती यादी उघडा. ज्या ॲपला जे लागत नाही ते बेधडक काढून घ्या. एखादं ॲप त्यावरून रुसून बंद पडलं, तर त्याचा धंदा पंचांगाचा नव्हताच असं समजा आणि त्याला फोनमधून काढून टाका.