एमजीबुवा

इंग्लंडच्या कुठल्याही गावात रविवारी सकाळी एक चक्कर मारा. एका तरी घरासमोर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. पायांत झिजलेले बूट, शेजारी गार झालेला चहा, आणि चहाच्या मगावर काळ्याकुट्ट अंगठ्याचा ठसा, जुन्या खरेदीखतावर असतो तसा. घाबरू नका, अपघात झालेला नाही. तो गृहस्थ स्वखुशीने, पेन्शनच्या पैशांनी तिथे आडवा झालेला आहे.

आमच्या शेजारचे पाय एमजीबुवांचे. हे नाव आमच्या घरापुरतं. त्यांना ठाऊक नाही. आम्ही राहतो ऑक्सफर्डशायरमध्ये, अ‍ॅबिंग्डनच्या जवळ, आणि अ‍ॅबिंग्डन हे या पंथाचं पंढरपूर. १९२९ पासून १९८० पर्यंत एमजीच्या गाड्या तिथे बनल्या. कारखान्याला टाळं लागून चाळीसच्या वर वर्षं झाली, पण वारी काही थांबलेली नाही. बुवांची गाडी १९६५ ची एमजीबी. हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो. त्यातली चार वर्षं ती गाडी होती. उरलेली सात ती सामान होती.

हे सामान गॅरेजमध्ये बिस्किटांच्या डब्यांत राहतं. डब्यांवर बुवांच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत: ‘डावीकडचे’, ‘उजवीकडचे’, ‘चांगले बोल्ट’, ‘बरे बोल्ट’. एका डब्यावर नुसतंच ‘उरलेले’. गाडी पूर्ण जोडून झाल्यावर जे हातात राहतं, ते या डब्यात जातं. दर वेळी थोडंफार राहतंच. गाडी तरीही चालते, याचा अर्थ मुळात कारखान्यानेच जास्तीचं बसवलं होतं, असं बुवांचं मत आहे.

भिंतीवर वडिलांचे व्हिटवर्थचे पाने ओळीने टांगलेले. हा व्हिटवर्थ प्रकार मला समजायला दोन हिवाळे लागले. त्यातला पाव इंचाचा पाना पाव इंचाचा नसतो. पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा, आणि पाना बसतो बोल्टच्या डोक्यावर, जे अर्थातच मोठं असतं. म्हणजे टोपी विकत घ्यायची ती गळ्याचं माप सांगून. शिवाय एमजीबीला हे पाने लागतही नाहीत. मग ते तिथे का? तर वडिलांकडे एमजी टीसी होती म्हणून. १९४५ ते १९४९ या काळातली, जेमतेम दहा हजार बनलेली, लांब नाकाची आणि तारांच्या चाकांची. बुवांचा जन्म झाला तेव्हा वडिलांनी ती विकली. बाबागाडी घ्यायची होती. सत्तर वर्षं झाली, पण हे सांगताना बुवा अजून खाली बघतात. आपल्या जन्माने घरातली एक टीसी गेली, हे ओझं घेऊन जगणं सोपं नाही.

बुवांच्या बोलण्यात गाडीला वर्तमानकाळ नसतो. एक तर भविष्यकाळ, ‘ईस्टरला रस्त्यावर येईल,’ आणि ईस्टर कुठल्या सालचा हे आपण विचारायचं नसतं. नाहीतर भूतकाळ, आणि त्यात एकच वाक्य: ‘विकायला नको होती.’ तरुणपणी त्यांच्याकडे ऑस्टिन-हीली स्प्राइट होती, बेडकासारखे बॉनेटवर डोळे असलेली. ती साखरपुड्याच्या अंगठीसाठी गेली. अंगठी बाईंच्या बोटात अजून आहे. बुवा कधीकधी तिच्याकडे टक लावून बघत बसतात, आणि त्या वेळी त्यांना नेमकं काय दिसतं हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. पुढे एमजीए आली. घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तीही विकली. आता छप्पर गळत नाही. गाडी गळते.

गळण्याबद्दल बुवा निर्धास्त असतात. ‘तेल टपकतंय तोवर आत तेल आहे. टपकायचं थांबलं की काळजी करायची.’ गाडीखाली एक ट्रे कायमचा ठेवलेला असतो. सकाळी उठून ते आधी त्या ट्रेमध्ये डोकावतात आणि मग वर्तमानपत्र उघडतात.

या पंथात घराणी आहेत, आणि आपल्याकडच्या घराण्यांसारखीच ती एकमेकांच्या मैफिलीला जातात ती चुका मोजायला. एमजीवाला ट्रायम्फवाल्याला ‘छान रंग आहे हं’ म्हणतो. याहून मोठा अपमान नाही. १९६८ साली दोन्ही कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या, पण एका घरात आल्या म्हणून जावाजावांचं कधी पटलंय? मॉर्गनवाला दोघांपासून चार हात लांब असतो, कारण त्याच्या गाडीच्या सांगाड्यात अजूनही अ‍ॅश झाडाचं लाकूड वापरतात आणि त्याचा त्याला सुतारापेक्षा जास्त अभिमान. खुद्द एमजीबीतही पोटजाती आहेत. अमेरिकेचे नियम बदलले म्हणून १९७४ नंतरच्या गाड्यांना क्रोमच्या जागी काळे रबरी बंपर आले आणि त्यांची उंचीही वाढवली. क्रोमवाले रबरवाल्यांशी बोलतात, चहा घेतात. रोटीव्यवहार आहे. बेटीव्यवहार नाही.

सरकारचीही या गाड्यांवर मर्जी आहे. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ, आणि २०१८ पासून दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. माणसाच्या तपासण्या चाळिशीनंतर सुरू होतात, गाडीच्या बंद होतात. बुवांना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी वर्षातून दोनदा बोलावलंय. गाडीला कोणी विचारतसुद्धा नाही. त्यांना याचा थोडा हेवा वाटतो.

पण बुवांना खरं ओळखायचं तर त्यांना कार्बोरेटर लावताना बघावं. कोणी तंबोरा लावतो तसंच ते ‘लावणं’. एमजीबीला एसयूचे दोन कार्बोरेटर, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी यंत्रं मिळतात. बुवांकडे मात्र बागेतल्या पाइपाचा हातभर तुकडा आहे. इंजिन चालू करायचं, पाइपाचं एक टोक पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. डोळे मिटायचे. स्स्स्स. मग पाइप दुसऱ्यापाशी. स्स्स्. हा जरा कमी आहे. स्क्रू पाव फेरा. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. पाऊण तास त्या दोन फुसफुशींमधून बुवा एक सूर शोधत असतात. मला विचारतात, ‘आता?’ मी कान लावतो. मला दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. मी तसं सांगतो. ते दयेने माझ्याकडे बघतात आणि स्क्रू केसभर फिरवतात. आणि मग खरोखरच इंजिनाची खरखर जाऊन एक सलग घुमारा लागतो. जवारी खुलावी तसा. बुवा डोळे उघडतात. त्या क्षणी त्यांना कुठे जायचं नसतं, काही दाखवायचं नसतं. ते इंजिन बंद करतात आणि चहाला जातात.

एकदा मात्र गेलो. बुवा म्हणाले, ‘चल, नदीपर्यंत जाऊन येऊ.’ मी उत्साहाने गाडीत बसलो. बसलो म्हणजे उतरलो. ही गाडी इतकी बुटकी की शेजारून जाणाऱ्या बसचं चाक आपल्या डोळ्यांशी बोलतं. समोरून दुसरी एमजी आली. दोघांनी हात हलवले, जणू परमुलखात भाऊ भेटला. बुवांच्या चेहऱ्यावर विशी आली. आणि चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली.

बुवांनी किल्ली फिरवली, कान टवकारले. ‘ऐक. काही ऐकू येतंय?’

‘नाही.’

‘तेच. टकटक यायला हवी.’

पेट्रोलचा पंप मागच्या चाकाजवळ, खालच्या अंगाला. तो रुसला की त्याला एक ठोसा द्यायचा असतो, हाच शास्त्रोक्त उपाय. बुवा डिकीतून तांब्याच्या तोंडाची हातोडी घेऊन आले, चाकाशी आडवे झाले. पुन्हा ते दोन पाय. ठक. मी किल्ली फिरवली. टक-टक-टक-टक. एवढ्यात पाऊस आला. या गाडीचं छप्पर म्हणजे सुट्या दांड्या आणि कापड. आधी सांगाडा उभा करायचा, मग कापड ताणायचं, मग बटणं. लग्नाचा मांडव याहून लवकर उभा राहतो. आमचा उभा राहिला तेव्हा पाऊस थांबला होता आणि आत चार बोटं पाणी होतं. बुवा ओलेचिंब, हातभर ग्रीस, आणि इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ‘बघितलंस? रस्त्यातच दुरुस्त झाली!’ न बिघडलेल्या गाडीत हा आनंद कुठून आणणार?

गेल्या वर्षी पुण्याहून आतेभावाचा फोन आला. त्याने एमजी घेतली होती. मी धावत बुवांना सांगायला गेलो.

‘कुठली?’ त्यांनी पाना खाली ठेवला.

‘हेक्टर. गुजरातमध्ये बनते. एमजी हे नाव आता चिनी मालकीचं आहे.’

‘छप्पर उघडतं?’

‘काचेचं आहे. बोललं की उघडतं.’

बुवा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आणि मग ते ऐकतं?’ बुवांच्या गाडीने साठ वर्षांत कोणाचं ऐकलेलं नाही.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, ‘आमच्याकडे अँबॅसेडर होती.’ हे बोललो आणि चूक झाली. बुवा ताडकन उठले. मॉरिस ऑक्सफर्डची लेक! त्यांनी मला हाताला धरून बॉनेटपाशी नेलं. अँबॅसेडरचं ते १४८९ सीसीचं इंजिन आणि हे १७९८ सीसीचं, दोघं एकाच बी-सिरीज कुळातले. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला परक्याचं लोखंड समजत होतो, तो आमच्या कोल्हापूरच्या अंगणातल्या गाडीचा थोरला भाऊ निघाला. मी वाकून बघितलं. तोच तेलाचा वास. बाबा रविवारी धोतर खोचून, बॉनेट उघडून उभे असायचे, आणि आई आतून ओरडायची की पानं वाढलीत.

‘कुठे आहे ती आता?’

‘विकली. मारुती घ्यायची होती.’

बुवांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. एखाद्याच्या घरी समाचाराला जावं तसा चेहरा केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आख्खा, पाची बोटांनिशी.

‘नंबर आठवतो?’

मला स्वतःच्या मोबाइलचा नंबर सांगताना अडखळायला होतं. पण तो नंबर तोंडातून फाडकन बाहेर पडला. बुवांनी समजुतीने मान हलवली.

घरी आलो. पांढऱ्या शर्टावर काळा पंजा बघून बायकोने नुसते हात जोडले. मी कोल्हापूरला फोन लावला. बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं.

‘बाबा, आपली अँबॅसेडर कोणाला विकली होती?’

‘सांगलीच्या एका डॉक्टरला,’ बाबा म्हणाले. क्षणभर थांबले. मग एकदम आवाज उतरवून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, ‘का रे? विकतोय का तो?’