आपलं कोण आहे तिथे?

घर घेताना मराठी माणूस फार चिकित्सक होतो. कार्पेट एरिया स्वतः टेपने मोजतो, पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला वेगळं आणि सेक्रेटरीला वेगळं विचारतो, जाहिरातीतली ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ घड्याळ लावून चालून बघतो. एवढं सगळं झाल्यावर मेव्हण्याच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतो.

परंपरा जुनी आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. गिरणीत लावून देणारा जॉबर बहुधा ओळखीतला, आणि उतरायचं गावकऱ्यांच्या खोलीत. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण. एक पाळीला गेला की दुसरा त्याच जागी आडवा. अख्ख्या मुंबईत दुसरी जागा नव्हती असं नाही. तिथे आपलं कोणी नव्हतं, इतकंच.

आमचं खानदान गिरगावातून डोंबिवलीला असंच सरकलं. थोरल्या काकांनी आधी ब्लॉक घेतला आणि दर रविवारी येऊन तिथल्या मोकळ्या हवेचं वर्णन सुरू केलं. नव्या जागेचं जो सगळ्यात जास्त कौतुक करतो, त्याचीच खात्री सगळ्यात कमी असते. त्याला सोबत हवी असते. काकांना ती मिळाली. आत्या गेली, दोन चुलते गेले, आत्याचे दीर गेले, दिरांच्या ऑफिसातले निम्मे लोक गेले. एवढी माणसं हवा खायला आल्यावर ती मोकळी कुठून राहणार? काकांना डोंबिवली कुणी सुचवली, असं एकदा विचारलं. ‘‘सुचवायचंय काय त्यात? सगळेच घेत होते,’’ म्हणाले.

अमेरिकेने तर १९६५च्या स्थलांतर कायद्यात नातलगांना प्राधान्यच देऊन टाकलं. तिथला नागरिक झालेला भाऊ बहिणीसाठी अर्ज करतो. बहिणीचा नंबर लागेपर्यंत तिची मुलं शिकून आपापली तिकडे पोचलेली असतात.

माझी भाची हल्ली घरूनच काम करते. कुठेही राहू शकते. तिने एक्सेलमध्ये भाडं, पाणी, हवा, रहदारी असे रकाने करून जागांना गुण दिले. नाशिक पहिलं आलं. मग तिने ‘मैत्रिणी’ हा रकाना वाढवला आणि बाणेर वर येईपर्यंत त्याचे गुण वाढवत नेले. आता ती नाशिकच्या मैत्रिणीला रोज फोन करते. ‘‘बाणेरला ट्रॅफिक लोक म्हणतात तितकं नाही गं,’’ असं सांगते.