सोवळ्यातला प्रोसेसर

कार्यालयात नवा संगणक घ्यायचा ठरला की खरेदी समितीपुढे पहिला प्रश्न कामाचा नसतो, इभ्रतीचा असतो. साहेबांच्या टेबलाखाली घरगुती प्रोसेसर चालेल का? चालेल, धावेलसुद्धा, पण शोभणार नाही. म्हणून कोटेशनात ‘वर्कस्टेशन ग्रेड’ हे दोन शब्द येतात आणि आकड्याला एक शून्य जास्त लागतं. ते शून्य नेमकं कशाचं, हे समितीत कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला काही कळत नाही असं इतिवृत्तात नोंदवलं जाण्याची भीती असते. आपण विचारून पाहू. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २०२२ मध्ये ६९९ डॉलरला आला; त्यात १६ कोअर. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स ९,९९९ डॉलरला आला. त्यात ९६ कोअर. किंमत चौदापट, कोअर सहापट. गंमत पोटात आहे. दोन्हींमध्ये आठ कोअरचा सिलिकॉनचा तुकडा एकाच जातीचा. एकात असे दोन बसवलेत, दुसऱ्यात बारा. धोतर तेच, फक्त एक सोवळ्यात नेसलेलं.

अर्थात सोवळ्याचे म्हणून काही खरे लाभ असतात. घरगुती भावाला मेमरीकडे जायला दोन वाटा, याला आठ. त्याला ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडायला २४ पीसीआय लेन, याला १२८. चित्रपटाचे इफेक्ट रेंडर करणाऱ्याला, हवेच्या प्रवाहाचं गणित मांडणाऱ्याला, एकाच डब्यात चार ग्राफिक्स कार्डं कोंबणाऱ्याला हे पैसे वसूल होतात आणि त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कोटेशनं टाइप करण्यासाठी ९६ कोअर घेणाऱ्यांबद्दल. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलेल्या युक्तिवादाचा हिशेब साधा आहे: कामाचा पाच टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग वीसपटीपुढे जाणार नाही. ऑटोकॅडमधलं बरंचसं काम तर एकाच कोअरवर चालतं, आणि एकट्या कोअरचा वरचा वेग घरगुती प्रोसेसरचा ५.७ गिगाहर्ट्‌झ, सोवळ्यातल्याचा ५.१. म्हणजे चौदापट पैसे मोजून साहेबांनी नकाशा थोडा सावकाश उघडण्याची सोय केली. उरलेले ९५ कोअर टास्क मॅनेजरमध्ये छोट्या छोट्या चौकटी होऊन बसतात आणि पाहुण्यांना दाखवता येतात.

‘भविष्याचा विचार करून जादा घेतलेलं बरं,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण प्रोसेसरचं भविष्य फार लवकर येतं आणि येताना स्वस्त होऊन येतं. १६ कोअरचा पहिला थ्रेडरिपर २०१७ मध्ये ९९९ डॉलरचा होता. दोनच वर्षांनी तितक्याच कोअरचा घरगुती रायझन ७४९ डॉलरला मिळू लागला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वर्कस्टेशनची चाचणी कसून होते, मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या त्यावर आपला शिक्का देतात, त्याचे पैसे पडणारच. पडू देत. पण चाचणीचा खर्च वेगळा आणि कुलपाचं भाडं वेगळं. इंटेलने २०१० मध्ये एका पेंटियमसाठी चक्क ५० डॉलरचं कार्ड विकायला काढलं होतं. कोड टाकला की चिपमध्ये आधीपासून असलेली, पण बंद ठेवलेली कॅशे आणि हायपरथ्रेडिंग सुरू व्हायचं. पुढे झिऑन ई३ ही वर्कस्टेशनची चिप साध्या मदरबोर्डवर बसते आणि आय-७ पेक्षा स्वस्त पडते, हे चाणाक्ष गिऱ्हाइकांच्या ध्यानात आलं. २०१५ च्या पिढीपासून त्या चिपला वेगळ्या चिपसेटचा बोर्ड सक्तीचा झाला. यात सिलिकॉनची काही अडचण नव्हती. ओवळ्यात सोवळं मिसळू लागलं, एवढीच होती.

या विटाळात खरोखर गरजेची एक वस्तू आत अडकली. ईसीसी मेमरी म्हणजे ६४ बिटांमागे आठ जादा पहारेकरी बिट. एक बिट चुकला तर दुरुस्त, दोन चुकले तर निदान बोंब. डीडीआर४च्या साध्या पट्टीवर आठ चिपा असतात, तिथे नववी लागते, बस. ‘घरच्या माणसाला हे कशाला?’ असं विचारलं जातं. २००३ मध्ये बेल्जियमच्या स्खारबेकमध्ये मतदान झालं आणि एका उमेदवाराची प्रत्यक्षात पडली त्याहून ४,०९६ मतं जास्त मोजली गेली. यंत्र तपासलं, दोष सापडला नाही. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला तेरावा बिट आपणहून पालटला असावा, असा निष्कर्ष निघाला. असा बिट खेळात पालटला तर राक्षसाचं शिंग हिरवं दिसेल. पगारपत्रकात पालटला तर कुणालाच दिसणार नाही. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ मधल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. नव्या डीडीआर५मध्ये चिपच्या आत दुरुस्ती असते हे खरं, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती कामाला येत नाही. इंटेलने ही सोय घरगुती बाजारातून हद्दपार केली, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये कंपनीवर जाहीर तोंडसुख घेतलं. बाराव्या पिढीच्या कोअरमध्ये ती परत आली, पण डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड घेणाऱ्यांसाठीच. एएमडीच्या बहुतेक रायझनमध्ये कुलूप नाही. पण बोर्डवाल्याने सोय दिली आहे की नाही, हे पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

तेव्हा समितीने तीनच प्रश्न विचारावेत. आपलं काम खरंच अनेक कोअरांत वाटलं जातं का? कार्डं २४ लेनमध्ये आणि मेमरी दोन वाटांत मावत नाही का? आणि आपला कोणता आकडा चुकलेला चालणार नाही? पहिल्या दोघांना ‘हो’ आलं तर वर्कस्टेशन खुशाल घ्या. फक्त तिसऱ्याचं उत्तर असेल तर ईसीसी चालणारा साधा प्रोसेसर आणि बोर्ड घ्या, आणि दुकानदार ‘ती सोय वरच्या मॉडेलमध्ये आहे’ म्हणाला तर हुज्जत घाला. हुज्जत घालायची तर नवव्या चिपसाठी घालावी. शहाण्णव कोअर तो आपणहून गळ्यात मारतोच आहे.