किलोभर पिस्तूल, अर्धा किलो चिवडा

हौसेनं शस्त्र कसं घ्यावं, याचा कित्ता बडोद्यानं फार पूर्वीच घालून ठेवला आहे. खंडेराव गायकवाडांनी चांदीची तोफ करवून घेतली, तर त्यांच्यामागून गादीवर आलेल्या त्यांच्या भावानं, मल्हाररावांनी, सोन्याची. वजन २८० पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. ही तोफ नेम धरून कुणावर डागायची होती, असले प्रश्न हौसेला विचारायचे नसतात. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून उतरवलं, तेव्हाही ती काही कामी आली नाही.

बडोद्यातल्याच दांडिया बाजारातल्या अण्णांची हौस याहून बरीच हलकी होती. फक्त किलोभराची.

निमित्त झालं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं. तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसुफ दिकेच साधा टी-शर्ट घालून, एक हात खिशात खुपसून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य घेऊन गेला. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले अण्णा टीव्हीसमोर ताठ बसले. "एक हात खिशात घालून काम करणं? हे तर मी तीस वर्षं केलंय!" त्याच दिवशी त्यांचा डावा हात खिशात गेला आणि पिस्तूल घ्यायचं ठरलं.

"अहो, पण ठेवणार कुठे?" काकूंनी विचारलं. "माळ्यावर गौरींचे मुखवटे आहेत."

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. अण्णा तडक बंदुकीच्या दुकानात गेले आणि रिव्हॉल्व्हर दाखवा म्हणाले. दुकानदारानं आधी परवाना दाखवा म्हटलं. आपल्याकडे असलं हत्यार घ्यायचं तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना लागतो, तो का हवा याचं पटेल असं कारण द्यावं लागतं आणि पोलीस चौकशी होते. अण्णांकडे कारण म्हणून फक्त पॅरिस होतं. शिवाय सरकारी कारखान्याचं आखूड नळीचं .३२ रिव्हॉल्व्हर हे स्वसंरक्षणासाठी असतं. त्यानं कागदावरच्या ठिपक्याचा नेम साधणं म्हणजे अडकित्त्यानं नखं काढण्यासारखं आहे.

अण्णांना हवं होतं ते एअर पिस्तूल. त्यात दारू नाही की स्फोट नाही, दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास एवढाच आणि जोर २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर त्याच्या निम्म्याच्याही खाली असतो. परवाना नाही म्हणजे खेळणं असं मात्र नव्हे. डोळा जायला तेवढा जोर पुरतो, म्हणून नळी कायम लक्ष्याकडे आणि घरी पेटी कुलपात.

या खेळावर बडोद्याचा जुना हक्क आहे, हे अण्णांना मागाहून कळलं आणि मग ते ज्याला-त्याला ऐकवू लागले. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकारानं. लोकसभेचे पहिले सभापती ते हेच. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद आणि जन्म १८८८ चा, बडोद्यातला! गांधीजींचा अनुयायी आणि रायफल संघटनेचा संस्थापक, असा योग जुळवायला मराठी माणूसच लागतो. आजही नेमबाजीतल्या तरुण पोरांची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट मावळंकरांच्या नावाच्या स्पर्धेवरून जाते.

मग अण्णा एका क्लबात गेले. तिथल्या सरांना त्यांनी घरून लिहून आणलेली यादी वाचून दाखवली: ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्डिनी, जर्मनीचं वॉल्थर. यातलं कुठलं घ्यावं? सगळीच लाखाच्या वरची. सरांनी यादी घडी करून अण्णांच्या खिशात परत ठेवली आणि म्हणाले, "दोन्ही हात पुढे करून त्रिकोण करा. त्यातून तो पंखा बघा. आता डावा डोळा मिटा."

पंखा नाहीसा झाला. अण्णांचा हात उजवा आणि नेमाचा डोळा डावा निघाला. साठीच्या उंबरठ्यावर कळलेली ही गोष्ट त्यांनी घरी अशी सांगितली, की काकूंनी आधी देवाला दिवा लावला आणि मग नीट ऐकून घेतलं. यावर उपाय साधा आहे, चष्म्यावर डाव्या डोळ्यापुढे एक पट्टी. पण आधी डोळा, मग मूठ, आणि पिस्तुलाचं नाव सगळ्यात शेवटी, हा क्रम अण्णांना तिथे कळला.

मूठ म्हणजे पिस्तुलाचा लाकडी दस्ता. तो उजवा-डावा वेगळा आणि लहान, मध्यम, मोठा अशा मापांत मिळतो. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढायची आणि माप काढायचं. तरीही तो बसत नाहीच. मग सुतारासारखं कुठे लांबी भरायची, कुठे कानस मारायची, पुन्हा धरून बघायचं. डोळे मिटून हात उचलला आणि उघडल्यावर पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली, तर मूठ आपली. लाखाचं पिस्तूल आणि परकी मूठ यापेक्षा क्लबचं जुनं पिस्तूल आणि घासून बसवलेली मूठ केव्हाही बरी, असं सरांचं म्हणणं. ते या लेखकालाही पटतं.

ट्रिगरचा नियम असा, की त्यानं किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. स्पर्धेआधी तेवढं वजन टांगून तपासतातच. अर्धा किलो बोटाला कसा लागतो हे समजावं म्हणून अण्णांनी घरी लीलो चिवड्याचं पाकीट सुतळीनं तर्जनीला टांगलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी काट्यावर ठेवलं तर ४१० ग्रॅम भरलं. डावा हात एवढ्यापुरता खिशाबाहेर येत होता.

हवेचा प्रकार तर निराळाच. पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब भरतात. स्कूटरच्या चाकात असतो दोनेक बार. अण्णा क्लबचं रिकामं सिलिंडर घेऊन रावपुऱ्यातल्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्यानं आकडा ऐकला, सिलिंडर दोन बोटांनी परत केलं आणि म्हणाला, "काका, आ नई थाय." शिवाय या सिलिंडरला जन्मतारीख असते आणि दहा वर्षांनी ते बाद होतं. म्हणून जुनं पिस्तूल घेताना नळीच्या आधी सिलिंडरवरची तारीख वाचावी.

आता इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा की साधा, यावर क्लबात रोज वाद होतो. साध्यावाले टोकियोची आठवण काढतात. तिथे ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. दुसरी बाजू म्हणते, तिनंच पुढे पॅरिसला दोन पदकं आणली. काकूंचं माहेर कोल्हापूर. त्या म्हणतात, "आमच्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये एशियाडचं सोनं आणलं, तेव्हा तुम्ही रिमोटचे सेल शोधत होता."

सहा महिने झाले. अण्णा अजून क्लबच्याच पिस्तुलानं नेम धरतात. १० मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. साठ छर्‍यांना ७५ मिनिटं मिळतात. अण्णांना सरावासह दोन तास आणि मध्ये एक चहा लागतो. परवाचे गुण ६०० पैकी ४१२.

तेव्हा बडोद्यात कुणाला उजव्या हाताचं, मध्यम मुठीचं, मुदतीतल्या सिलिंडरचं एअर पिस्तूल विकायचं असेल, तर कृपया अण्णांना सांगावं. काकूंना आधी सांगू नये.